श्वासाचा ओला पडदा

प्राण्याच्या शरीरातली प्रत्येक पेशी अन्नाचे ज्वलन करून ऊर्जा मिळवते. त्याला ऑक्सिजन लागतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पहिला वायू पेशीपर्यंत पोचवायचा आणि दुसरा शरीराबाहेर काढायचा, एवढेच श्वसनसंस्थेचे काम. अमिबासारख्या एकपेशीय जीवाला त्यासाठी निराळा अवयव लागत नाही; वायूचे रेणू त्याच्या पातळ आवरणातून आपसूक आत-बाहेर झिरपतात. पण झिरपण्याचा हा मार्ग फार थोड्या अंतरापुरताच उपयोगाचा. पाण्यातून एक मिलिमीटर जायला ऑक्सिजनला सुमारे चार मिनिटे लागतात, आणि अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. माणसाला नुसत्या झिरपण्यावर जगायचे असते, तर कातडीपासून दहा सेंटीमीटर आत असलेल्या अवयवाला ऑक्सिजन मिळायला जवळजवळ महिना लागला असता.

म्हणून मोठ्या प्राण्यांच्या शरीरात दोन सोयी असतात. एक म्हणजे बाहेरचा वायू आत घेणारा विस्तीर्ण पडदा, आणि दुसरी म्हणजे तिथून वायू वाहून नेणारे रक्त. पडदा पातळ हवा, कारण जाडी वाढली की झिरपणे मंदावते. तो ओलाही हवा, कारण ऑक्सिजन आधी पाण्याच्या थरात विरघळतो आणि मगच पेशीत शिरतो. पातळ आणि ओली वस्तू नाजूक असणारच. कल्ले, त्वचा, फुप्फुस ही सगळी हा पडदा कुठे आणि कसा ठेवायचा याची निरनिराळी उत्तरे आहेत, आणि श्वसनाचे बहुतेक आजार या नाजूकपणातूनच येतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली हा १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्या, गावोगावचे माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव, ताडोबापासून भामरागडपर्यंतचे जंगल, आणि त्यालाच लागून कोळशाच्या खाणी व वीजकेंद्र, असा हा मुलूख. श्वसनाच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा इथे पाहायला मिळतात, आणि श्वसनावरची संकटेही.

पाण्यापासून सुरुवात करणे सोयीचे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याच्या लिटरमध्ये तो जेमतेम पाच-सहा मिलिलिटर भरतो. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट जड. असे जड पाणी आत ओढायचे आणि त्याच वाटेने परत ढकलायचे, तर मिळालेला ऑक्सिजन त्या श्रमातच संपून जाईल. म्हणून मासा पाणी एकाच दिशेने फिरवतो: तोंडातून आत, कल्ल्यांवरून पुढे आणि कल्ल्यांवरच्या झाकणाखालून बाहेर. कल्ल्यांच्या लालभडक तंतूंवर अतिशय पातळ पापुद्रे असतात. त्यांतले रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहते. त्यामुळे ऑक्सिजन जवळजवळ गमावलेल्या पाण्यालाही त्याहून कमी ऑक्सिजनचे रक्त भेटत राहते आणि देवघेव शेवटपर्यंत थांबत नाही. या रचनेमुळे काही मासे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेतात. माणसाचे फुप्फुस हवेतला चौथा हिस्साच घेते. पाण्याबाहेर मात्र हे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि भोवती ऑक्सिजनची रेलचेल असूनही मासा गुदमरतो.

मे महिन्यात मामा तलाव आटतात, उरलेले पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. दिवसा पाणवनस्पती प्रकाशात ऑक्सिजन सोडतात. रात्री त्या स्वतःच तो वापरतात. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो, आणि रोहू-कतला झुंजूमुंजूच्या वेळी तोंड वर काढून पृष्ठभागावरचे पाणी ओढताना दिसतात. त्याच तलावातला मरळ निवांत असतो. त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या अंगाला डोक्यात एक पोकळी असते आणि तिच्या अस्तराला रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मरळ वर येऊन हवेचा घोट घेतो, ती हवा या पोकळीत ठेवतो आणि खाली जातो. मांगूर माशात हेच काम झाडासारखे फाटे फुटलेला एक लाल अवयव करतो, तर शिंगी माशात कल्ल्यांपासून शेपटीकडे गेलेल्या दोन लांब पिशव्या. ढिवरांच्या टोपलीतला मरळ बाजारात घमेल्यात बोटभर पाण्यात वळवळत विकायला येतो, आणि शेजारचा रोहू केव्हाच मान टाकून बसलेला असतो, तो यामुळेच. या सोयीची दुसरी बाजूही आहे. मोठ्या मरळाचे नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. पाण्याखाली जाळे ताणून त्याला वर येऊ दिले नाही, तर हा मासा पाण्यातच बुडून मरतो.

फुप्फुस जमिनीवर आलेल्या प्राण्यांत प्रथम तयार झाले, असा सर्वसाधारण समज आहे. क्रम त्याच्या उलट आहे. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात राहणाऱ्या प्राचीन माशांत फुप्फुस आधी आले, आणि त्यांच्यातल्या काहींचे वंशज पुढे जमिनीवर चढले. प्राणहितेच्या पश्चिमेला, तेलंगणातल्या मलेरी गावाजवळच्या लाल खडकांत सिरॅटोडस या फुप्फुसमाशाचे दात एकोणिसाव्या शतकातच सापडले. हे खडक २० कोटी वर्षांहून जुने आहेत. फुप्फुसमासे आज ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतच उरले आहेत.

बेडकाचे काम दोन्हीकडे चालते. अळीवस्थेत कल्ले, मोठेपणी फुप्फुस, आणि जन्मभर ओली कातडी. त्याला छाती-पोटामधले श्वासपटल नसते आणि हवा ओढण्याजोग्या बरगड्याही नसतात. तो घशाचा तळ खालीवर करून हवा फुप्फुसात ढकलतो. गळ्याशी सतत होणारी धडधड ती हीच. चिखलात गाडून घेतलेल्या बेडकाला कातडीतून झिरपणारा ऑक्सिजन महिनोन्महिने पुरतो, कारण त्या काळात त्याची गरजच अगदी कमी झालेली असते.

सापाच्या लांबट शरीरात बहुधा एकच, उजवे, फुप्फुस कामाचे असते. डावे नाममात्र उरते किंवा नसतेच. भेकर गिळणाऱ्या अजगराचे तोंड कितीतरी वेळ पूर्ण भरलेले असते. तेवढ्या वेळात तो गुदमरत नाही, कारण श्वासनलिकेचे तोंड तो जबड्याच्या तळाशी पुढे, भक्ष्याच्या खालून बाहेर काढू शकतो. ताडोबा तलावातल्या मगरीची पद्धत आणखी निराळी: एक स्नायू यकृताला मागे ओढतो, त्यामुळे छातीत जागा होते आणि हवा आत येते. मगरींच्या अमेरिकेतल्या नातलगाच्या, म्हणजे ॲलिगेटरच्या, फुप्फुसात हवा पक्ष्यांप्रमाणे एकाच दिशेने फिरते हे २०१० मध्ये दाखवून देण्यात आले.

कीटकांनी रक्ताला या कामातून मोकळेच केले आहे. आरमोरीच्या बाजूला ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात; हा धंदा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पूर्ण वाढलेली हिरवीगार अळी हातावर घेतली, तर तिच्या दोन्ही कुशींना ठिपक्यांची एकेक ओळ दिसते, एका बाजूला नऊ. ही तिची श्वासरंध्रे. प्रत्येक रंध्रातून एक नळी आत जाते, तिला फाटे फुटत जातात, आणि शेवटच्या, केसाहून कितीतरी बारीक नळ्या थेट पेशींना जाऊन भिडतात. हवा नळीतूनच पेशीच्या दारात पोचते. अळीच्या रक्ताला ऑक्सिजन वाहायचा नसल्यामुळे ते तांबडे नसते. नळ्या दबून बंद होऊ नयेत म्हणून त्यांच्या भिंतीत टणक वळी असतात. पण ही योजना लहान शरीरातच चालते. शरीर वाढले की नळ्यांची लांबी वाढते आणि त्यांतून झिरपण्याला वेळ लागतो. गव्याएवढा भुंगा नसण्यामागच्या कारणांत हेही एक मोठे कारण आहे.

टसरचा कोष हाताला सुपारीसारखा कठीण लागतो, पण त्याच्या भिंतीतून हवा जाते. बियाण्याचे कोष हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जपून ठेवतात; तेवढे महिने आतला जीव निपचित असतो आणि श्वास मात्र घेत असतो. टसरच्या जातकुळीतल्या मोठ्या रेशीम पतंगांवर झालेल्या अभ्यासातून या श्वासाची विलक्षण रीत कळली. कोषातला जीव श्वासरंध्रे बराच काळ घट्ट मिटून ठेवतो, कधी काही तास, कधी त्याहूनही जास्त. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तोवर शरीरातल्या द्रवात साठत राहतो. मग रंध्रे उघडतात आणि सगळा साठा एकदम बाहेर पडतो. उघड्या रंध्रांतून पाण्याची वाफ निसटते, ती वाचवण्यासाठी हा खटाटोप, असे पूर्वी सरसकट सांगत. आता त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

हवेत श्वास घेणाऱ्यांत सर्वांत सरस यंत्रणा पक्ष्यांची, यात शंका नाही. पक्ष्याचे फुप्फुस लहान आणि जवळजवळ न हलणारे असते. हलतात त्या त्याला जोडलेल्या हवेच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत नऊ. त्यांच्या काही शाखा हाडांच्या पोकळीतही शिरलेल्या असतात. आत घेतलेली ताजी हवा आधी मागच्या पिशव्यांत जाते, श्वास सोडताना ती फुप्फुसातून पुढे सरकते, पुढच्या वेळी आत घेताना पुढच्या पिशव्यांत येते, आणि दुसऱ्या उच्छ्वासाला बाहेर पडते. हवेच्या एका घासाला दोन श्वास लागतात, पण फुप्फुसातून हवा कायम एकाच दिशेने आणि ताजीच जाते. विदर्भातल्या तलावांवर हिवाळ्यात उतरणारा पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतो. त्याची सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरची उड्डाणे नोंदली गेली आहेत. तिथे ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. फुप्फुसांच्या जोडीला त्याचे हिमोग्लोबिनही वेगळे आहे, ते विरळ हवेतला ऑक्सिजन सहज पकडते.

सस्तन प्राण्यांच्या फुप्फुसात हवा आली त्याच वाटेने परत जाते, त्यामुळे शिळी आणि ताजी हवा मिसळतेच. ही उणीव त्यांनी पडद्याचा विस्तार वाढवून भरून काढली. छाती आणि पोट यांच्यामध्ये आडवे पसरलेले स्नायूचे श्वासपटल हे फक्त सस्तन प्राण्यांचे वैशिष्ट्य. ते आकसले की सपाट होते, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. फुप्फुसाला स्वतःला ओढायला स्नायू नाहीत. छातीच्या भिंतीबरोबर ते ताणले जाते. दोहोंमध्ये एक चिंचोळी फट असते आणि तीत थोडासा द्रव असतो. याला अपवाद एकच, हत्ती. राज्यातला एकमेव हत्ती कॅम्प गडचिरोलीत कमलापूरला आहे, आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानहत्तींचा कळपही जिल्ह्यात फिरतो. हत्तीत ही फट मोकळी नसते, लवचीक तंतूंनी भरलेली असते. जॉन वेस्ट या शरीरशास्त्रज्ञाने त्याचा संबंध पोहण्याशी लावला. हत्ती खोल पाण्यात बुडून सोंड तेवढी वर ठेवतो. अशा वेळी शरीरावर पाण्याचा दाब आणि फुप्फुसात मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतो. त्या फरकाने फटीलगतच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतील, त्या या भरावाने तगतात, असे त्याचे म्हणणे.

प्राणी लहान तितका त्याचा श्वास जलद. शरीराच्या वजनाच्या मानाने लहान प्राण्याची ऊर्जेची गरज जास्त असते, फुप्फुसाचा आकार मात्र वजनाच्याच प्रमाणात राहतो. उरलेली भरपाई वेगानेच करावी लागते. हत्ती मिनिटाला दहाच्या आसपास श्वास घेतो, विसावलेला मोठा माणूस १२ ते १८, नवजात बाळ चाळीसच्या आगेमागे, आणि उंदीर शंभराहून जास्त.

माणसाच्या नाकात हवा गरम होते, ओली होते आणि बरीचशी गाळली जाते. श्वासनलिका छातीत दोन फाट्यांत विभागते. असे फाटे एकामागून एक वीस-तेवीस वेळा फुटतात आणि शेवटी वायुकोश लागतात. त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटी आणि सगळे उलगडून पसरले तर क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. शांत बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो, पण तिच्यातली सुमारे १५० मिलिलिटर नळ्यांमध्येच राहते आणि काही उपयोग न होता परतते. आत जाताना हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, बाहेर येताना १६. वायुकोशाजवळच्या केशवाहिनीत रक्त पाऊण सेकंदच असते. ऑक्सिजन भरून घ्यायला त्याला पाव सेकंद पुरतो. धावताना रक्ताची घाई झाली तरी काम निभते ते या शिलकीवर.

ऑक्सिजन पाण्यात फार विरघळत नाही. एक लिटर रक्तात नुसता विरघळून तो तीन मिलिलिटर मावेल. हिमोग्लोबिनमुळे दोनशे मावतो. तांबड्या पेशीतले हे लोहयुक्त प्रथिन फुप्फुसात ऑक्सिजन धरते आणि स्नायूंत सोडते. सोडण्याच्या या क्षणीच सिकलसेलच्या रुग्णाचा घात होतो. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या काही समाजांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदललेले असते. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोऱ्या बनतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. अडकलेल्या जागी ऑक्सिजन आणखी कमी होतो, आणखी पेशी वाकतात. फुप्फुसाच्या वाहिन्यांत हे झाले की छातीत कळा येतात, धाप लागते आणि जिवावर बेतते.

श्वास कधी घ्यायचा हे मेंदूच्या तळाचा लंबमज्जा हा भाग ठरवतो, आणि तो मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडकडे लक्ष ठेवून असतो. श्वास रोखल्यावर होणारा जीवघेणा कासावीसपणा ऑक्सिजन संपल्याचा नसतो, कार्बन डायऑक्साइड साठल्याचा असतो. ऑक्सिजन हळूहळू घटत गेला तर शरीराला त्याची चाहूल फार उशिरा लागते. कोळशाच्या भूमिगत खाणीत हा धोका नेहमीचा. बंद पडलेल्या बोगद्यांत कोळसा हवेतला ऑक्सिजन सावकाश खात राहतो. खाणीत नेण्याच्या सेफ्टी लॅम्पची ज्योत ऑक्सिजन सुमारे १६ टक्क्यांवर आला की विझते, आणि माणसाला तोवर फारसे काही जाणवलेले नसते. पडीक विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने सोडून पाहण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आहे. कार्बन मोनॉक्साइड मात्र कंदिलालाही कळत नाही. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो आणि त्याला ना रंग ना वास.

लंबमज्जेचा हुकूम मज्जातंतूंतून श्वासपटलापर्यंत पोचावा लागतो. मण्यारीचे विष नेमकी हीच वाट तोडते. पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते. दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा जागही येत नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखू लागते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, आवाज बसतो, थुंकी गिळता येत नाही, आणि अखेर बरगड्यांमधले स्नायू व श्वासपटल लुळे पडते. फुप्फुस धडधाकट, हृदय चालू, रुग्ण बहुधा शुद्धीवर, आणि तरी श्वास नाही. मण्यारीचे विष मज्जातंतूंची टोकेच निकामी करते. झालेली हानी प्रतिविषाने भरून येत नाही, टोके नव्याने वाढेपर्यंत थांबावे लागते. तोवर काही दिवस रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवले, तर तो पूर्ण बरा होऊन घरी जातो. दुर्गम गावातून रुग्णालयापर्यंतच्या वाटेत कोणी हाताने दाबायच्या फुग्याने श्वास देत राहिले, तर त्यावर जीव तगतो. नागाचे विष स्नायूच्या बाजूचे ग्राहक अडवते. त्यावर प्रतिविष आणि निओस्टिग्मिन यांचा उपयोग होतो.

श्वासाला आणखी एक काम लावलेले असते, शरीर थंड ठेवण्याचे. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे सहज जातो. माणूस घामावर निभावतो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, म्हणून तो जीभ बाहेर काढून मिनिटाला तीनशेपर्यंत श्वास घेत धापा टाकतो. इतक्या वेगाने खोल श्वास घेतला, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त निघून जाईल आणि रक्ताची आम्लता बिघडेल. म्हणून धाप उथळ असते: हवा फक्त नाक-तोंड आणि नळ्यांमध्ये हलते, ओलावा उडून जातो आणि वायुकोशांना त्याची फारशी झळ पोचत नाही. ताडोबातला वाघही धापा टाकतो, पण पाणवठा मिळाला तर मागच्या अंगाने पाण्यात शिरून दुपार काढणे पसंत करतो.

पडद्याचा नाजूकपणा सर्वांत जास्त दिसतो तो धुळीत आणि धुरात. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा हवा, पाणी आणि जमीन मिळून निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे आले. कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने आणि तेव्हाचे २,३४० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र एकाच टापूत असल्यावर वेगळे काही घडण्याची शक्यता नव्हती. धुळीचे दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकांच्या चिकट अस्तरावर बसतात. तिथले सूक्ष्म केस तो चिकटा सतत वर घशाकडे लोटत असतात. अडीच मायक्रॉनखालचे कण थेट वायुकोशात उतरतात, आणि तिथे असे केस नाहीत. तिथे भक्षक पेशी कण गिळून टाकतात. पण दगडाच्या सिलिकायुक्त धुळीने या पेशीच मरतात आणि त्या जागी व्रण तयार होतो. व्रण म्हणजे जाड झालेला पडदा. त्यातून ऑक्सिजन जात नाही. कोळशाच्या धुळीने वर्षानुवर्षांत असेच होते आणि खाण सोडल्यावरही ते भरून येत नाही. घरातल्या चुलीचा धूर आणि मोहफुले वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळल्याचा धूर यांतलेही बरेच कण एवढेच बारीक असतात, मात्र त्यांची मोजणी क्वचितच होते.

श्वासाचा सर्वांत अवघड प्रसंग पहिलाच. गर्भाच्या फुप्फुसात द्रव भरलेला असतो. जन्मताच तो बाजूला सारून वायुकोश उघडावे लागतात. ओल्या पडद्याच्या भिंती एकमेकींना चिकटून राहू पाहतात. त्यांना सुटे ठेवायला वायुकोशातल्या काही पेशी पृष्ठताण कमी करणारा एक पदार्थ स्रवतात, आणि तो गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांतच पुरेसा तयार होतो. म्हणून दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वास जड जातो.

जन्मानंतरचा मोठा धोका न्यूमोनियाचा. जंतुसंसर्गाने वायुकोशांत पू आणि द्रव भरतो, पडद्याचा तेवढा भाग कामातून जातो. लहान बाळ एका श्वासात जास्त हवा घेऊ शकत नाही, त्याच्या बरगड्या मऊ आणि आडव्या असतात. भरपाईला त्याच्याकडे वेग हा एकच उपाय उरतो. श्वासांची संख्या हेच मग निदान होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४०. खोकला असून श्वास इतका किंवा याहून जलद असेल, तर न्यूमोनिया धरून औषध सुरू करायचे. ना स्टेथोस्कोप, ना क्ष-किरण.

ही मोजणी गावात नेता येते का, याची पारख गडचिरोलीत झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. खेड्यात ज्याला डबा म्हणत, त्या आजाराने तान्ही मुले मोठ्या संख्येने दगावत होती. संस्थेने ५८ गावांत आईवडिलांना लक्षणे समजावली आणि गावातले आरोग्यसेवक व सुईणी यांना श्वास मोजून को-ट्रायमोक्सॅझोल द्यायला शिकवले. ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. 'लॅन्सेट'ने १९९० मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार उपचार मिळालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. पुष्कळ सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक साधे साधन बनवले गेले: मिनिटभर चालणारे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, बाळाच्या वयाप्रमाणे मण्यांची ओळ निवडायची, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्यावर बोट आले तर औषध द्यायचे. दहापर्यंत मोजता आले की पुरे.

आज आशा कार्यकर्त्या घड्याळावर मोजतात, पण मोजण्याचे नियम तेच आहेत. बाळ शांत असावे, रडत किंवा दूध पीत नसावे. अंगावरचे कापड वर करून पोट आणि छाती जिथे मिळतात तिथे नजर ठेवावी. मोजणी पूर्ण मिनिटभर करावी. तान्ह्या बाळाचा श्वास काही सेकंद थांबतो आणि मग भरभर चालतो, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर हिशेब चुकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा कितीही असो, आजार गंभीर समजून बाळाला रुग्णालयात हलवावे. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा ६० किंवा वर गेला तर पुन्हा एकदा मिनिटभर मोजावे, आणि दुसऱ्यांदाही तो तितकाच भरला तरच श्वास जलद धरावा.